फोन विकला कुठे ते नका बघू, फोन आत्ता आहे कुठे ते बघा

प्रति,
स्मार्टफोन बनवणाऱ्या सगळ्या कंपन्या, आणि त्यातही मोडेमचं (फोनमधल्या नेटवर्कशी बोलणाऱ्या चिपचं) सॉफ्टवेअर आणि रिजन सेटिंग (कुठल्या प्रदेशात काय चालू ठेवायचं ते) ठरवणाऱ्या टीम

विषय: हार्डवेअरमध्ये असलेले नेटवर्क बँड रिजनच्या नावाखाली सॉफ्टवेअरमधून बंद करण्याबाबत

नमस्कार,

मी मालवाहू जहाजावर ईटीओ आहे, म्हणजे जहाजावरचं जे काही इलेक्ट्रिकल आणि इलेक्ट्रॉनिक्स असतं ते सगळं माझ्याकडे, ब्रिजवरच्या रडारपासून इंजिन रूममधल्या अलार्मपर्यंत. वर्षातले सहा-सात महिने समुद्रावर जातात आणि प्रत्येक बंदरात नवीन सिम टाकायचं हे आमचं ठरलेलं. त्यामुळे फोनमध्ये कुठला बँड, म्हणजे नेटवर्कच्या फ्रिक्वेन्सीचा कुठला पट्टा, चालू आहे आणि कुठला बंद हा आमच्यासाठी हौसेचा विषय नाही, घरच्यांशी बोलणं होणार की नाही ते त्यावर ठरतं.

मागच्या कॉन्ट्रॅक्टला आमचं जहाज एका बंदराबाहेर अँकरवर होतं, किनारा साधारण आठ मैल, बर्थ (धक्क्याला जागा) मिळायला चार दिवस लागणार होते. त्यातल्याच एका दिवशी घरी वडिलांचं ऑपरेशन होतं. जहाजावरचं सॅटेलाइट नेट आधीच मोजून मिळतं आणि त्या दिवशी नेमकं तेच बंद पडलेलं (ते दुरुस्त करणं माझंच काम, सकाळपासून त्यातच होतो). मधेच डेकवर आलो तर आमचा मोटरमन रेलिंगला टेकून घरच्यांशी व्हिडिओवर बोलत होता. आता त्याचा आणि माझा फोन एकाच कंपनीचा, एकाच नावाचा, सिमसुद्धा मागच्या फेरीत आम्ही दोघांनी एकाच ऑपरेटरचं घेतलेलं. त्याच्या फोनला रेंजच्या दोन दांड्या आणि माझ्या स्क्रीनवर नो सर्व्हिस. सिम अदलाबदल करून पाहिलं, तर रेंज त्याच्या फोनलाच राहिली, सिमबरोबर माझ्याकडे आली नाही. फरक एकच होता, त्याने फोन एका देशात घेतला होता आणि मी दुसऱ्या.

वडिलांची चौकशी मी त्याच्या फोनवरून केली. ऑपरेशन नीट झालं होतं, ते इथेच सांगून टाकतो. पण ते दोन तास कसे गेले ते मला माहीत, आणि हे पत्र तिथूनच सुरू झालं.

नंतर शांतपणे बसून दोन्ही फोनचे सर्व्हिस मेनू (तंत्रज्ञांसाठीचे लपलेले मेनू) उघडले. त्याचा फोन बँड २८ वर लागलेला होता, म्हणजे ७०० मेगाहर्ट्झवाला. माझ्या फोनच्या यादीत बँड २८ नावाला पण नाही, त्याला फक्त १८०० आणि २६०० चे बँड शोधायची परवानगी, आणि तेवढ्या अंतरावर ते काही पोचत नव्हते. ज्यांना हे नवीन आहे त्यांच्यासाठी दोन ओळी: कमी फ्रिक्वेन्सीचा सिग्नल लांबपर्यंत जातो आणि भिंतीतून, तळघरात, लिफ्टमध्येही जास्त शिरतो, म्हणून ऑपरेटर दूरच्या भागासाठी ७००, ८००, ९०० चे बँड वापरतात आणि गर्दीच्या ठिकाणी स्पीडसाठी वरचे. म्हणजे खालचा एखादा बँड बंद केला तर शहराच्या मधोमध राहणाऱ्याला कळणारही नाही आणि टॉवरपासून लांब राहणाऱ्याचा फोन मात्र मेल्यासारखा. तुमच्या या सेटिंगचा फटका सगळ्यांना सारखा बसत नाही, ज्यांच्याकडे आधीच रेंज कमी त्यांनाच जास्त बसतो.

मग मी एक गोष्ट केली, लपवत नाही. फोन लॅपटॉपला जोडला, मोडेमचं डायग्नोस्टिक पोर्ट चालू केलं, त्यात चालू बँडची जी यादी साठवलेली असते ती वाचली आणि त्यात बँड २८ चालू करून फोन रीस्टार्ट केला. दोन मिनिटांत रेंज आली. त्याच डेकवर, त्याच सिमवर, कुठलाही स्क्रू न उघडता. म्हणजे मोडेम तोच, फिल्टर आहे, पॉवर अँप्लिफायर आहे, अँटेनाही आहे, सगळं माझ्या खिशात पहिल्या दिवसापासून होतं आणि मी त्याचे पैसे दिलेले होते. फक्त तुमच्या एका सेटिंगने ते झाकून ठेवलेलं.

सात आठवड्यांनी सिक्युरिटी अपडेट आलं, मी नेहमीप्रमाणे टाकलं आणि बँड २८ परत गायब. अपडेटच्या माहितीत लिहिलेलं काय, तर सिस्टिमची स्थिरता सुधारली. मी रीतसर तक्रार केली, मॉडेल नंबर, बिल्ड नंबर, दोन्ही फोनच्या मेनूचे स्क्रीनशॉट, सगळं जोडलं. पहिलं उत्तर आलं सिम काढून परत घालून पहा. दुसरं उत्तर आलं की आपलं मॉडेल या प्रदेशासाठी नाही, आणि तक्रार बंद. ते मला गप्प बसून मान्य करता येत नाहीये म्हणून हे उघडपणे लिहितोय. कंपनीचं नाव घेत नाही कारण हे एकाच कंपनीचं दुखणं नाही, आमच्या मेसमध्ये वेगवेगळ्या कंपन्यांचे फोन होते आणि निम्म्या लोकांकडे अशी काही ना काही गोष्ट होती.

आता माझ्या तक्रारी एकेक करून सांगतो.

पहिली तक्रार, तुम्ही सांगत नाही. एकाच नावाने फोन विकता, जाहिरात एक, फोटो एक, आणि आतून पाच प्रकारचे मॉडेल नंबर, शेवटचं एखादं अक्षर वेगळं. कुठल्या नंबरमध्ये कुठले बँड हे शोधायला माणसाला अर्धा दिवस लागतो. आणि त्यातही जी यादी मिळते त्यात हार्डवेअरच नाही म्हणून नसलेला बँड आणि हार्डवेअर असून बंद केलेला बँड, दोन्ही सारखेच दिसतात, म्हणजे दिसतच नाहीत. युरोपच्या २०१४/५३ या रेडिओ डायरेक्टिव्हमध्ये युजरला दिलेल्या माहितीत फोन कुठल्या बँडवर चालतो आणि जास्तीत जास्त किती पॉवर टाकतो हे सांगावंच लागतं, म्हणजे ही माहिती तुमच्याकडे तयार असते, ती नीट सांगायची इच्छा नाही एवढंच. २०१३ मध्ये सॅमसंगने युरोपात गॅलेक्सी नोट ३ ला रिजन लॉक लावलं, म्हणजे पहिल्यांदा तिथल्याच ऑपरेटरचं सिम घालून फोन चालू करायचा, तेव्हा लोकांनी भरपूर ओरड केली, पण निदान डब्यावर तसं स्टिकर तरी होतं. बँडच्या बाबतीत तेवढंही नाही.

दुसरी तक्रार तुमच्या कारणाबद्दल आहे आणि इथे मला जरा सविस्तर बोलायचंय. विचारलं की उत्तर येतं, नियम आहेत, दुसऱ्या देशात चुकीच्या फ्रिक्वेन्सीवर फोनने ट्रान्समिट केलं तर इंटरफिअरन्स होईल. मी रडार सांभाळतो, जहाजाचे रडार ३ आणि ९ गिगाहर्ट्झच्या आसपास चालतात, इंटरफिअरन्स म्हणजे काय आणि स्क्रीनवर तो कसा दिसतो हे मला सांगायला नको, आणि म्हणूनच हे कारण मला पटत नाही. मोबाईल नेटवर्कवर फोन स्वतःहून कधीच बोलायला सुरुवात करत नाही. तो आधी नुसता ऐकतो. टॉवरचा सिंक सिग्नल सापडला, मग टॉवरने ब्रॉडकास्ट केलेली माहिती वाचली, त्यात हा कुठल्या देशाचा कुठला ऑपरेटर, अपलिंक (फोनकडून टॉवरकडे जाणारा सिग्नल) कुठल्या फ्रिक्वेन्सीवर, पॉवर जास्तीत जास्त किती, हे सगळं असतं, आणि ते वाचून झाल्यावरच फोन पहिल्यांदा तोंड उघडतो, तेही साधारण २०० मिलीवॉटच्या मर्यादेत. जिथे त्या बँडचा टॉवरच नाही तिथे फोन त्या बँडवर काही पाठवतच नाही. आणि जिथे टॉवर आहे तिथे त्या ऑपरेटरने त्या देशाच्या सरकारकडून लायसन्स घेऊनच तो उभा केलाय. मग माझ्या फोनने तिथे बँड २८ ऐकला आणि टॉवरने सांगितलं तसं उत्तर दिलं तर नक्की कुठला नियम मोडला?

वायफायचं वेगळं आहे हे मला मान्य आहे आणि ते मान्य केलं नाही तर मी खोटं बोलतोय असं होईल. वायफायला लायसन्स लागत नाही, फोन हॉटस्पॉट झाला की तो स्वतःच ब्रॉडकास्ट करायला लागतो, त्याला वर सांगणारा टॉवर नसतो. ५ गिगाहर्ट्झमध्ये काही चॅनेल हवामानाच्या रडारच्या पट्ट्यात येतात, म्हणून तिथे आधी रडार आहे का ते ऐकून मगच ट्रान्समिट करायचं असा नियम आहे, तो योग्यच आहे, मोडू नये. ६ गिगाहर्ट्झमध्ये अमेरिकेने २०२० मध्ये ५९२५ ते ७१२५ असा १२०० मेगाहर्ट्झचा पट्टा मोकळा केला आणि युरोपने त्यातला खालचा तुकडाच, तेव्हा देशाप्रमाणे फरक ठेवणं भाग आहे. पण तिथेसुद्धा माझं म्हणणं तेच, फोन आत्ता ज्या देशात आहे त्याचा नियम लावा. एका सीमन्स क्लबमध्ये वायफाय चॅनेल १३ वर होतं, आमच्या दहा जणांतल्या तिघांना ते नाव यादीत दिसलंच नाही, कारण त्यांचे फोन अजूनही १ ते ११ चॅनेलच्या सेटिंगवर अडकलेले, जे अमेरिकेतल्या डिव्हाइसमध्ये सहसा असतं. त्या देशात १३ पूर्ण कायदेशीर होतं. म्हणजे नियम पाळणं बाजूलाच राहिलं, दुसऱ्याच देशाचा नियम इथे लावून ठेवलेला.

तुमचं आणखी एक कारण असतं, सर्टिफिकेशनचं, की ज्या देशात विकतो तिथल्यापुरत्याच बँडची टेस्ट केलीय, शरीरावर पडणाऱ्या रेडिएशनची म्हणजे सारची टेस्टही तेवढ्याच बँडवर झाली. हे कारण खरं आहे, मी हलकं घेत नाही. पण तोच बोर्ड, तोच अँटेना, तेच फिल्टर असलेला फोन शेजारच्या देशात त्या बँडसकट तुम्हीच विकताय, म्हणजे तिथली टेस्ट तुम्हीच करून पास झालाय. मी फोन घेऊन त्याच देशात उतरलो की ते सर्टिफिकेशन लागू व्हायला काय हरकत आहे, तेवढं एकदा स्पष्ट लिहा. आणि जिथे खरंच हार्डवेअर वेगळं आहे तिथे मी एक शब्द बोलणार नाही. अमेरिकेबाहेरच्या बऱ्याच मॉडेलमध्ये मिलिमीटर वेव्हचे अँटेनाच बसवलेले नसतात, ते सॉफ्टवेअरने येणार नाहीत हे कळतं. बँड २८ इतका रुंद आहे की त्यासाठी सहसा दोन वेगळे फिल्टर लागतात आणि काही फोनमध्ये त्यातला एकच असतो, हेही कळतं. माझी तक्रार जे आहे आणि झाकलंय त्याबद्दलच आहे.

आणि हे झाकलेलं उघडायला तुम्हाला किती सोपं आहे ते सगळ्यांनी पाहिलंय. १ ऑक्टोबर २०२२ ला भारतात फाइव्हजी सुरू झालं तेव्हा लोकांच्या हातात फाइव्हजीचे फोन आधीपासून होते, मोडेम होता, बँड होते, तरी बऱ्याच फोनना फाइव्हजी लागेना कारण सॉफ्टवेअरमधून परवानगी नव्हती. सरकारने कंपन्यांना विचारणा केली आणि मग अपडेट यायला लागली, आयफोनला ते डिसेंबर २०२२ मध्ये आयओएस १६.२ बरोबर आलं. कोणाच्याही फोनमध्ये नवीन पार्ट बसवला नाही. अपडेट टाकलं आणि चालू झालं. सरकारने विचारलं की होतं आणि साध्या माणसाने विचारलं की मॉडेल या प्रदेशासाठी नाही, हे मला समजत नाही.

तिसरी तक्रार व्होल्टीची, आणि माझ्या मते ही सगळ्यात गंभीर आहे. बँड चालू असला तरी फोरजीवरून आवाजाचा कॉल (हेच व्होल्टी) लागेल की नाही हे फोनमधली ऑपरेटरची यादी ठरवते, त्या यादीत माझं सिम नसेल तर इंटरनेट चालतं पण कॉल करायला गेलं की फोन थ्रीजी नाहीतर टूजीवर उतरतो. आता देशोदेशी थ्रीजी बंद होत चाललंय. मग उतरणार कुठे? ऑस्ट्रेलियात ऑक्टोबर २०२४ च्या शेवटी मोठ्या ऑपरेटरनी थ्रीजी बंद केलं तेव्हा हे उघडं पडलं, काही फोरजी फोन असे निघाले की साधा कॉल व्होल्टीवर जायचा पण आपत्कालीन ००० नंबर लावला की ते थ्रीजीच शोधायचे, सेटिंगच तसं. शेवटी असे फोन नेटवर्कवरून ब्लॉक करायची सक्ती ऑपरेटरवर आली. चांगले चालू फोन. व्होल्टी कसं चालावं याचं आयआर.९२ नावाचं सगळ्या जगासाठीचं प्रोफाइल आहे, यादीत नसलेल्या ऑपरेटरसाठी निदान ते डीफॉल्ट वापरा म्हटलं तर त्यात अशक्य असं काय आहे? परक्या बंदरात माणूस शिडीवरून पडला तर पहिला कॉल खिशातल्या फोनवरून होतो, त्या वेळी सिम यादीत आहे का हे बघायचं का आम्ही?

चौथी तक्रार, लोकांना धोक्याच्या रस्त्याला तुम्ही लावताय. मी जे लॅपटॉप लावून केलं ते मला माझ्या कामामुळे जमलं. आमच्या कॅडेटने माझं बघून स्वतःच्या फोनवर प्रयत्न केला, मी वॉचवर होतो, त्याने बॅकअप न घेता मोडेमचा डेटा पुसला आणि त्यात फोनचा आयएमईआय, म्हणजे नेटवर्कला फोन ओळखू येतो तो नंबरच गेला. आता त्याच्या फोनला कुठल्याच देशात, कुठल्याच बँडवर रेंज येत नाही. पहिलंच कॉन्ट्रॅक्ट त्याचं, घरी बोलायला एवढा एकच फोन. चूक त्याची आणि थोडी माझीही, मी त्याला आधीच बसवून सांगायला हवं होतं. पण सेटिंगमध्ये एक साधं बटण असतं तर एकोणीस वर्षांच्या पोराला हे करायची वेळच आली नसती. आणि अनोळखी साइटवरचं फर्मवेअर टाकून, फोन रूट करून, वॉरंटी घालवून लोक हेच करत असतात, त्यात बँकेची ॲप बंद पडतात, फोनची सुरक्षा जाते. सुरक्षेच्या नावाने जे कुलूप लावलंय त्याच्यामुळेच लोक फोन असुरक्षित करून घेतायत.

फोन फेकला जातो ते वेगळंच. बाहेर राहणारी बहीण स्वतःचा जुना फोन आईला देते, माणूस नोकरीसाठी दुसरीकडे जातो, कोणी सेकंडहँड घेतो, फोन सरहद्द ओलांडतच असतात. चार वर्षं आरामात चालेल असा फोन निव्वळ एका बँडसाठी ड्रॉवरमध्ये पडून राहतो.

आता मागण्या. सरळ लिहितो.

प्रत्येक मॉडेल नंबरसाठी बँडची पूर्ण यादी द्या, वेबसाइटवर आणि डब्यावर, आणि त्यात तीन गोष्टी वेगळ्या दाखवा: हार्डवेअर आहे आणि चालू आहे, हार्डवेअर आहे पण बंद ठेवलंय, आणि हार्डवेअरच नाही. बंद ठेवलं असेल तर का, हे एका ओळीत.

रिजन फोन विकला कुठे त्यावरून नका ठरवू, फोन आत्ता आहे कुठे त्यावरून ठरवा. टॉवर देशाचा कोड सतत ब्रॉडकास्ट करत असतो आणि तुमचा फोन तो वाचतोच, घड्याळाची वेळ बदलायला आणि वायफायचा देश ठरवायला बरेच फोन तोच वापरतात. त्या देशात त्या हार्डवेअरला जे बँड तुम्ही मंजूर करून घेतलेत ते तिथे पोचल्यावर आपोआप चालू झाले पाहिजेत, आणि तिथून निघालो की परत बंद करा, माझी काही तक्रार नाही.

अपडेटमधून कुठलाही बँड, फाइव्हजी किंवा व्होल्टी बंद करणार असाल तर अपडेटच्या आधी स्पष्ट सांगा. चुकून बंद झाला तर पुढच्या अपडेटची वाट न बघता परत चालू करून द्या.

आपत्कालीन कॉल ऑपरेटरच्या यादीवर अजिबात अवलंबून ठेवू नका. ही मागणी बाकीच्यांच्या आधी घ्या, बाकीच्यांना वेळ लागला तरी चालेल.

आणि मोडेमबद्दलची तक्रार ज्याला मोडेम कळतो अशा माणसापर्यंत जाऊ द्या. मी स्क्रीनशॉटसकट पाठवलेली तक्रार सिम काढून घाला म्हणून परत येते तेव्हा ती कोणी वाचलीच नाही एवढंच कळतं.

देशोदेशीच्या टेलिकॉम नियामकांपैकी कोणी हे वाचत असेल तर त्यांनाही विनंती, कंपन्या कारण म्हणून तुमचंच नाव पुढे करतात. टॉवरच्या सांगण्यावरून चालणारा बँड परक्या फोनमध्ये चालू असायला तुमची हरकत आहे की नाही हे तुम्हीच एकदा लिहून जाहीर करा. हरकत असेल तर तसं सांगा, मग मी माझं भांडण तुमच्याकडे घेऊन येईन.

माझी तक्रार तुमच्या सिस्टिममध्ये बंद म्हणून पडलेली आहे, त्यात मॉडेल नंबर, बिल्ड नंबर, अपडेटच्या आधीचे आणि नंतरचे दोन्ही स्क्रीनशॉट आहेत, उघडून बघायला पाच मिनिटं लागतील. पुढच्या महिन्यात मी परत जॉइन होतोय, त्याच रूटवर, वडिलांचं दुसरं चेकअपही त्याच सुमारास आहे. त्याच्या आत उत्तर द्या. मोटरमन साइन ऑफ झालाय, या वेळी त्याचा फोन जहाजावर नसेल.

आपला,
एक ईटीओ